वारंवारता गणक : मोजणी अचूक, जोडणी सुरक्षित

राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळा यांमध्ये मल्टिमीटर व ऑसिलोस्कोप यांच्या शेजारी आणखी एक पेटी मांडलेली आढळते. समोर आठ-नऊ आकड्यांची प्रकाशमान पट्टी, दोन-तीन गोल सॉकेटे आणि मोजकीच बटणे असे तिचे स्वरूप असते. हा वारंवारता गणक होय. कार्यशाळेत त्याला सर्रास ‘काउंटर’ म्हणतात. विद्यार्थ्यांना हे उपकरण सर्वांत सोपे वाटते. ऑसिलोस्कोपवर लहरीचा आकार ओळखावा लागतो, मल्टिमीटरची कळ योग्य जागी फिरवावी लागते. येथे तार जोडली की आकडा हजर होतो.

हा सोपेपणा मात्र फसवा आहे. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, हातात मावतो आणि त्याच्या दोन्ही तारा जमिनीपासून अलग असतात. काउंटरचे तसे नाही. तो मेजावर बसतो, तीन पिनांच्या प्लगने वीज घेतो आणि त्याच्या मोजणीच्या दोन तारांपैकी एक तार आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. मल्टिमीटरची सवय घेऊन जो काउंटरकडे वळतो, त्याच्या हातून अपघात घडण्याचा संभव असतो. अपघात टळला तरी चुकीचा आकडा खरा मानला जाण्याचा धोका उरतोच. तांत्रिक शिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी, तसेच उपकरण-खरेदीच्या कागदांवर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांनी व शाळा-इमारतींची देखभाल पाहणाऱ्या पंचायत सदस्यांनीही या उपकरणाची रीत समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

गणना कशी होते

एखादी विद्युत् लहर एका सेकंदात जितक्या वेळा पूर्ण आवर्तन करते, ती तिची वारंवारता. तिचे एकक हर्ट्झ. विद्युत्चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ (१८५७–१८९४) यांच्या नावावरून ते रूढ झाले. घरातील वीज ५० हर्ट्झची असते. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. मध्यम लहरींवरील आकाशवाणीची केंद्रे काही लक्ष हर्ट्झवर ऐकू येतात, तर एफएम केंद्रे दहा कोटी हर्ट्झच्या आसपास असतात.

काउंटरची पद्धत नाक्यावर वाहने मोजणाऱ्या कारकुनासारखी आहे. फाटक ठरावीक वेळ उघडे ठेवायचे आणि तेवढ्या वेळात किती गाड्या गेल्या ते नोंदवायचे. काउंटरमध्ये येणाऱ्या लहरीचे प्रथम काटेकोर कडांच्या स्पंदांत रूपांतर होते. नंतर एक इलेक्ट्रॉनिक फाटक, समजा, बरोबर एक सेकंद उघडते व त्यातून गेलेले स्पंद मोजले जातात. फाटक बरोबर एक सेकंदच उघडे राहिले, याची हमी आतील क्वार्ट्झ स्फटिक देतो. हा स्फटिक बहुधा १० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक कोटी कंपने करणारा असतो. काउंटरचा आकडा या स्फटिकापेक्षा अधिक खरा कधीच असू शकत नाही. प्रत्यक्ष सेकंदाची व्याख्या १९६७ मध्ये सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून निश्चित करण्यात आली. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अशाच आण्विक घड्याळांवर सांभाळली जाते.

फाटकाच्या पद्धतीत एक अंगभूत उणीव आहे. फाटक उघडताना एखादी गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर असू शकते. म्हणून मोजणीत एकाचा फरक नेहमीच संभवतो. दहा लाख गाड्यांत एकाचा फरक नगण्य ठरतो. पन्नास गाड्यांत तो दोन टक्के होतो. घरातील विजेची वारंवारता एक सेकंदाच्या फाटकाने मोजली तर काउंटर ४९, ५० किंवा ५१ असे आलटून पालटून दाखवील आणि त्यावरून काहीच निष्पन्न होणार नाही. अशा कमी वारंवारतेसाठी उलट मार्ग पत्करावा लागतो. लहरीचे एक आवर्तन किती वेळात झाले, ते आतल्या स्फटिकाच्या टिकटिकीने मोजायचे. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात १० मेगाहर्ट्झचा स्फटिक दोन लाख ठोके देतो. एका ठोक्याचा फरक आता हिशेबातही येत नाही. अनेक नवे काउंटर ही उलटी मोजणी व भागाकार स्वतःच करून थेट हर्ट्झमध्ये उत्तर देतात. जुन्या उपकरणांवर मात्र ‘पीरियड’ असे लिहिलेले बटण दाबावे लागते आणि भागाकार विद्यार्थ्याने करावयाचा असतो. शिकण्याच्या दृष्टीने ते काही वाईट नाही.

पन्नास हर्ट्झचा मोह

विजेची वारंवारता हा विषय वर्गात विलक्षण रस निर्माण करतो, आणि ते योग्यच आहे. मागणी आणि निर्मिती यांचा तोल क्षणोक्षणी जेथे दिसतो, असा हा आकडा आहे. मागणी वाढली व निर्मिती अपुरी पडली की जनित्रांची गती किंचित मंदावते आणि वारंवारता उतरते; निर्मिती जादा झाली की ती चढते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखावी, अशी देशाच्या ग्रिड संहितेची अपेक्षा आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील आणि दुसऱ्या दिवशी त्यासह पूर्व व ईशान्य भारतातीलही वीजजाळे कोसळले, तेव्हा हा तोल किती नाजूक असतो याचा अनुभव देशाने घेतला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकतालात जोडले गेले. आज गडहिंग्लजच्या शाळेत मोजलेली वारंवारता आणि गुवाहाटीत त्याच क्षणी मोजलेली वारंवारता व्यवहारतः एकच असते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहावीशी वाटली तर नवल नाही.

अपघाताचे निमंत्रण नेमके येथेच मिळते. कारण काउंटर समोर आहे, भिंतीत सॉकेट आहे आणि दोन तारा हाताशी आहेत.

जमिनीला जोडलेली तार

काउंटरच्या समोरील गोल सॉकेटला बीएनसी सॉकेट म्हणतात. त्याच्या मधल्या पिनेतून सिग्नल आत जातो. बाहेरचे धातूचे कडे मात्र उपकरणाच्या पेटीला, आणि पेटी तीन पिनांच्या प्लगमधून इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली असते. त्यामुळे प्रोबच्या काळ्या तारेचा क्रोकोडाईल क्लिप म्हणजे प्रत्यक्षात जमिनीला जोडलेले टोक होय. ते सॉकेटच्या फेज तारेला लागले, तर फेज आणि जमीन यांच्यात थेट शॉर्ट सर्किट होते. तार जळते, ठिणगीने हात भाजतो, प्रोब व पुष्कळदा काउंटरही निकामी होतो. क्लिप न्यूट्रलला लावली तर चालेल, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु गावोगावच्या इमारतींत सॉकेटच्या फेज व न्यूट्रल तारा उलटसुलट जोडलेल्या असणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. शिवाय २३० व्होल्ट हा सरासरी प्रभावी आकडा असून लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. बहुतेक बेंच काउंटरांचे सॉकेट अशा पुरवठ्याशी थेट जोडण्यासाठी बनविलेलेच नसते.

वाचणाऱ्याच्या मनात येईल की, मग अर्थिंगची पिनच काढून टाकली तर? दुर्दैवाने हा उपाय अनेक कार्यशाळांत केला जातो. दोन पिनांचा प्लग लावायचा किंवा तिसरी पिन कापायची, म्हणजे शॉर्ट सर्किट होत नाही. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. शॉर्ट सर्किट होत नाही. पण क्लिप फेजला लागताच काउंटरची संपूर्ण धातूची पेटी, तिची मूठ आणि शेजारच्या सॉकेटांची कडी २३० व्होल्टवर जातात. आकडा पडद्यावर शांतपणे दिसत राहतो आणि बटण दाबणाऱ्याचा हात फेज तारेवर असतो. फ्यूज उडून मिळणारा इशारा आपण स्वतःच काढून टाकलेला असतो. अर्थिंगची पिन कापलेले कोणतेही मोजमापाचे उपकरण दुरुस्त होईपर्यंत वापरातून काढून घ्यावे. यात तडजोडीला जागा नाही.

विजेची वारंवारता पाहण्याचा सुरक्षित मार्ग साधा व स्वस्त आहे. कारखान्यात बनलेले, दोन अलग वेटोळ्यांचे २३० व्होल्ट ते ६ व्होल्ट असे छोटे रोहित्र घ्यावे. ते बंद प्लॅस्टिकच्या डब्यात, फेजच्या बाजूला लहान फ्यूज घालून बसवावे आणि ६ व्होल्टची फक्त दोन टोके बाहेर काढावीत. दोन्ही वेटोळ्यांत विद्युत् जोड नसल्यामुळे ६ व्होल्टच्या एका टोकाला काउंटरची जमिनीची क्लिप लावता येते. मिळणारे शिखर साडेआठ व्होल्टच्या आसपास असते; रोहित्रावर भार नसल्याने ते थोडे अधिकही भरेल. काउंटरच्या एक मेगओहम सॉकेटला हे पेलवते. तरीही उपकरणाच्या पुस्तिकेतील कमाल मर्यादा आधी वाचावी. डिमरस्टॅटने विद्युतदाब कमी करून हेच साधेल, असे समजू नये. डिमरस्टॅटमध्ये एकच वेटोळे असते; त्याने दाब उतरतो, अलगपणा मिळत नाही.

जेथे वजा टोक शून्य नसते

शाळेच्या सॉकेटपुरता हा प्रश्न मर्यादित राहिलेला नाही. एलईडी दिवे दुरुस्त करण्याचे वर्ग आज गावपातळीवर भरतात. अनेक स्वस्त दिव्यांच्या आतील चालक-पट्टीत अलगक रोहित्र नसते. तेथे पुरवठा थेट डायोडच्या पुलातून येतो आणि ज्याला विद्यार्थी ‘वजा टोक’ म्हणून शून्य समजतो, ते टोक प्रत्येक आवर्तनात जमिनीपेक्षा सुमारे ३२५ व्होल्ट खाली झेप घेते. त्याला काउंटरची क्लिप लावणे म्हणजे फेजला लावण्यासारखेच आहे. मोबाईल चार्जर, संगणकाचा वीजपुरवठा, टीव्ही यांच्या आतील पुरवठ्याकडील अर्ध्या भागाचीही तीच कथा. असे मंडल तपासायचेच असेल, तर तपासावयाच्या वस्तूला एकास एक प्रमाणाच्या अलगक रोहित्रातून वीज द्यावी. काउंटरचे अर्थिंग आहे तसे ठेवावे. ही सोय अनुभवी शिक्षकासाठी आहे. अलगक रोहित्राच्या पुढे गळतीवर तुटणारा स्विच संरक्षण देत नाही, हे त्याने ध्यानात ठेवावे.

सौर कृषिपंपाचे नियंत्रक याहून अवघड आहेत. दिवसा पॅनेलमधून येणारा एकदिश विद्युतदाब कित्येक शंभर व्होल्ट असू शकतो. वीजमंडळाच्या तारेसारखा तो गावातल्या स्विचने बंद होत नाही. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारा जिवंतच असतात. तारा सोडविल्यानंतरही आतील कपॅसिटर काही काळ भारित राहतात. आणि एवढा धोका पत्करून मिळणारा आकडाही उपयोगाचा नसतो. नियंत्रक मोटारीला तुकड्यातुकड्यांच्या स्पंदांनी वीज देतो. काउंटर ते स्पंद मोजतो आणि मोटारीच्या खऱ्या वारंवारतेऐवजी काही हजार हर्ट्झचा भलताच आकडा दाखवितो. नियंत्रकाच्या स्वतःच्या पडद्यावर मोटारीची वारंवारता बहुधा लिहिलेली असतेच. ती वाचावी.

शाळेचे अर्थिंग

वरील सर्व विवेचन अर्थिंग चांगले आहे, या गृहीतावर उभे आहे. पुष्कळ इमारतींत तिसऱ्या पिनेचे भोक असते, पण त्यामागे तारच नसते. किंवा तार असते, पण अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो. मराठवाड्यात व विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळते, तेव्हा पावसाळ्यात समाधानकारक असलेले अर्थिंगही दुबळे होते. खड्ड्यात पाणी घालण्याची व्यवस्था, कोळसा व मीठ यांचा थर, जोडाच्या नटबोल्टांवरील गंज या बाबी पंचायत सदस्यांना व मुख्याध्यापकांना तांत्रिक पदविकेवाचूनही पाहता येतात. खरी कसोटी मात्र परवानाधारक वीजतंत्रीने अर्थ टेस्टरने मोजलेल्या रोधाच्या आकड्याची. ती उन्हाळ्याच्या अखेरीस करून घ्यावी, कारण तेव्हाचा आकडा सर्वांत वाईट असतो. अर्थिंगच्या कामासाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानक संहिता आहे. निविदेत तिचा उल्लेख असावा.

प्रयोगशाळेच्या पुरवठ्यावर ३० मिलिॲम्पियर गळतीला तुटणारा आरसीसीबी बसविलेला असावा. त्याच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. तथापि ते बटण दाबल्यावर स्विच पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असा अर्थ होत नाही. त्या बटणाने स्विचचीच परीक्षा होते, जमिनीतील खड्ड्याची नव्हे. काउंटरच्या पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली, तर ती हसण्यावारी नेऊ नये. अर्थिंग तुटले की आतील गाळणी-कपॅसिटरमुळे पेटी पुरवठ्याच्या निम्म्या दाबावर तरंगू लागते. त्या मुंग्या म्हणजे अर्थिंग तुटल्याची पहिली वर्दी असते.

बिनतारी संच आणि रेडिओ

पोलीस, वन विभाग व आपत्ती-व्यवस्थापन यांच्याकडील हातातील बिनतारी संचांची वारंवारता तपासण्यासाठी काउंटरच्या ५० ओहमच्या सॉकेटचा उपयोग होतो. येथे जिवाला धोका कमी, उपकरणाला अधिक. पाच वॅटचा संच ५० ओहमवर सुमारे १५.८ व्होल्ट निर्माण करतो. ही सारी शक्ती काउंटरच्या आतील तांदळाच्या दाण्याएवढ्या रोधावर पडली, तर तो रोध क्षणात करपतो. पुष्कळ उपकरणांचे हे सॉकेट अवघ्या काही व्होल्टपर्यंतच सुरक्षित असते. म्हणून मध्ये किमान पाच वॅट पेलणारा ३० डेसिबेलचा ॲटेन्युएटर घालावा. त्यातून एक हजारांश शक्ती, म्हणजे ५ मिलिवॅट बाहेर पडते आणि दाब अर्ध्या व्होल्टवर येतो. जोडणी आधी पूर्ण करावी, बोलण्याचे बटण नंतर दाबावे. ॲटेन्युएटर नसेल तर संच कृत्रिम भाराला जोडून, काउंटरच्या तारेच्या टोकाला केलेला दोन-तीन वेढ्यांचा लहानसा फास केवळ जवळ धरावा. पुष्कळदा तेवढ्यानेही आकडा स्थिर होतो. परवान्यावाचून प्रक्षेपण करता येत नाही, हे सांगणे नलगे.

घरगुती रेडिओच्या दुरुस्तीत वेगळाच प्रकार घडतो. अँटेनाच्या टोकाला काउंटर लावून आकाशवाणीचे केंद्र ‘मोजण्याचा’ प्रयत्न विद्यार्थी करतात आणि निराश होतात, कारण तो सिग्नल काउंटरला जाणवण्याइतका मोठा नसतो. मोजावयाची असते ती रेडिओच्या आतील आंदोलकाची वारंवारता. पुणे केंद्राची ओळखीची ७९२ किलोहर्ट्झची जागा रेडिओवर लावली, तर ४५५ किलोहर्ट्झ मध्य-वारंवारतेच्या संचात हा आंदोलक १,२४७ किलोहर्ट्झवर असला पाहिजे. काटा ७९२ वर आणि आंदोलक भलतीकडे असेल, तर दोष कोठे शोधायचा ते कळते.

आकडा खरा केव्हा

काउंटर ‘मला कळले नाही’ असे कधी म्हणत नाही. तार मोकळी सोडली तरी आसपासच्या दिव्यांचा व मोबाईलचा गोंगाट तो मोजतो आणि आठ आकडी उत्तर देतो. सिग्नल दुबळा असेल किंवा त्यावर ओरखडे असतील, तर एकाच आवर्तनाचे दोन स्पंद मोजले जाऊन आकडा दुप्पट येतो. याची परीक्षा सोपी आहे. संवेदनक्षमतेची कळ थोडी मागेपुढे करावी. बराच वेळ आकडा ढळला नाही तर तो सिग्नलचा. कळीबरोबर आकडाही हलू लागला तर तो गोंगाटाचा. वीजपुरवठ्यासारख्या मंद लहरी मोजताना बहुतेक काउंटरांवरील गाळणीचे बटण दाबून ठेवावे.

मोजणारे उपकरण मोजल्या जाणाऱ्या वस्तूला बिघडविते, हेही येथे प्रत्ययास येते. घड्याळाच्या स्फटिकाला योग्य भार म्हणून सहा ते साडेबारा पिकोफॅरड पुरेसे असतात. साध्या केबलच्या एका मीटरचीच धारिता शंभर पिकोफॅरडच्या घरात जाते. ती स्फटिकाला चिकटविली की घड्याळाची गती बदलते किंवा घड्याळच थांबते. दहास एक प्रमाणाच्या प्रोबने भार कमी होतो, तरी स्फटिकाच्या थेट टोकांना न लावता चिपच्या पुढच्या टोकावर मोजणे श्रेयस्कर. शिवाय ३२,७६८ हर्ट्झवर एक हर्ट्झचा फरक म्हणजे दिवसाला अडीच सेकंदांहून अधिक चूक. साध्या काउंटरवर एक सेकंदाचे फाटक ठेवून घड्याळ चांगले की वाईट हे ठरविता येणार नाही. फाटक दहा सेकंदांचे करावे लागेल.

उरतो तो काउंटरच्या स्वतःच्या स्फटिकाचा प्रश्न. तो तापमानाने व वयाने सरकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी उपकरण निदान अर्धा तास चालू ठेवावे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून अंशांकन करून घेणे हा राजमार्ग खराच. परंतु खर्चाअभावी ते वर्षानुवर्षे लांबते, ही वस्तुस्थिती आहे. मधल्या काळासाठी जीपीएस ग्राहकाचा उपयोग होतो. दर सेकंदाला एक स्पंद बाहेर देणारा छोटा जीपीएस ग्राहक आज शाळेच्या आवाक्यात आहे. उपग्रह नीट पकडल्यावर त्याचा स्पंद काउंटरला देऊन आवर्तनकाल मोजावा. समजा, १.०००००१२ सेकंद असे उत्तर आले, तर काउंटरचा स्फटिक दहा लाखांत १.२ भाग पुढे धावतो आहे. मग १४५ मेगाहर्ट्झचा संच मोजताना काउंटर सुमारे १७४ हर्ट्झ कमी दाखवील. हा फरक, तारीख व खोलीचे तापमान नोंदवहीत लिहून त्याची एक चिठ्ठी पेटीच्या माथ्यावर चिकटवावी आणि दर सहामाहीला ती बदलावी.